झेंडा वर, साहेब आत

माझं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "तुझे होणारे सासरे काय करतात?"

"राज्यपालांच्या बंगल्यावर झेंडा चढवतात."

वडील पुढचं ऐकायला थांबले. मी काही बोलेना, तेव्हा म्हणाले, "आणि बाकीचा दिवस?"

"उतरवतात."

नोकरी सरकारी होती आणि कायम होती, म्हणून वडिलांनी फार ताणलं नाही. मी मात्र लग्नानंतर कितीतरी वर्षं या कामावरून सासऱ्यांची थट्टा करत आले. माझी जीभ तिखट आहे, आणि त्यांनाही ती चालायची. गल्लीतली पोरं तर त्यांना झेंडूकाका म्हणायची. त्यापुढे माझं बोलणं काहीच नव्हतं.

काम असं होतं. बंगल्याच्या गच्चीवर एक उंच खांब आहे आणि त्यावर राज्यपालांच्या पदाचा निळा झेंडा. राज्यपाल बंगल्यात असले की तो वर. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की खाली, परत आली की पुन्हा वर. साहेब दिवसातून जितक्या वेळा बाहेर जातील तितक्या वेळा सासऱ्यांनी गच्चीचा जिना चढायचा. दोरीची कप्पी ते स्वतः तेल घालून ठेवत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गाडीचं पुढचं चाक फाटकाच्या रेषेवर आणि झेंड्याची वरची कड खांबाच्या टोकावर, हे दोन्ही एकाच वेळी झालं पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. जमलं त्या दिवशी घरी येऊन दोनदा चहा मागायचे.

या कामाचा त्यांना गर्व होता, आणि तो ते लपवतही नसत. नव्या राज्यपालांचा फोटो पेपरात आला की चष्मा वर-खाली करून बघत आणि म्हणत, "बघू किती टिकतात. कागदावर पाच वर्षं, पण खरं म्हणजे वरच्यांची मर्जी असेपर्यंत. मर्जी फिरली की सामान बांधा. आणि मी? मी कायम." मग थोडं थांबून म्हणायचे, "एवढी वर्षं साहेबांमध्ये काढली, पण मला मात्र कुणी साहेब म्हटलं नाही." हे ते हसत म्हणायचे, पण दर वेळी म्हणायचे.

बंगल्याच्या मागच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, एक इस्त्रीवाली बसते. पत्र्याचं छप्पर, एक लांब टेबल, कोळशाची जड इस्त्री, आणि मागे एक छोटी खोली, तिथेच तिचं घर. बंगल्याचे झेंडे तिच्याकडे जात. सरकारी धोबीखाना आहे, पण तिथून झेंडा कडेला पिवळा पडून आला, तेव्हापासून सासऱ्यांनी तिथे पाठवणंच सोडलं. इस्त्रीवाली त्यांना काका म्हणायची. झेंड्याची घडी ती अशी घालायची की दोरीला बांधून एक झटका दिला की आख्खा उलगडावा. "हात आहे पोरीला," सासरे म्हणायचे. त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक निघणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

एकदा तिथे गिऱ्हाईकं जमली होती, आणि कुणीतरी सासऱ्यांना डिवचलं, "काका, तुमचे राज्यपाल करतात तरी काय हो?"

सासरे लगेच मास्तर झाले. "राज्य चालवतात मुख्यमंत्री. राज्यपाल सही करतात. सही झाली की कायदा, सही झाली की नेमणूक, सही झाली की माफी."

"आणि नाही केली तर?"

"तर कागद बसून राहतो."

इस्त्रीवालीने मान वर न करता विचारलं, "आणि कागदातला माणूस, काका?"

तिने ते उगाच विचारलं नव्हतं. तिचा धाकटा भाऊ तुरुंगात होता. तरुणपणी बाजारात भांडण झालं, त्याने एकाला ढकललं, तो दगडावर पडला आणि गेला. शिक्षा लांबलचक झाली. बरीचशी भोगून झाली होती, पण आता त्याची छाती बिघडली होती. तुरुंगाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिथली ओल आणि आणखी एक हिवाळा त्याला झेपणार नाही. उरलेली शिक्षा माफ व्हावी म्हणून तिने अर्ज केला होता. तो कुठे द्यायचा, कोणत्या खिडकीवर, हे तिला सासऱ्यांनीच सांगितलं होतं. सरकारने शिफारस करून कागद बंगल्यावर पाठवला होता. फक्त राज्यपालांची सही बाकी होती.

तेव्हा राज्यपाल एक वयस्कर बाई होत्या. बंगल्यात सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. गुडघे दुखायचे, तरी रोज सकाळी काठी घेऊन बागेला एक फेरी मारायच्या आणि माळ्यांशी त्यांच्या मुलाबाळांच्या गप्पा मारायच्या. सही करताना मात्र वाचल्याशिवाय पेन उचलायच्या नाहीत. त्यांनी निरोप पाठवला की गुरुवारी दुपारी अर्जदार बहिणीला भेटायला पाठवा, आणि तुरुंगाच्या डॉक्टरांचा ताजा दाखला तिने सोबत आणावा.

निरोप घेऊन सासरेच गेले. मी तेव्हा तिच्याकडे कपडे घ्यायला उभी होते, त्यामुळे हे माझ्यासमोर झालं.

"गुरुवारी दुपारी ये. पण आधी झेंडा बघ," सासरे म्हणाले. "बाईसाहेबांना कधी अचानक बाहेर जावं लागतं. फाटकावरचे पहारेकरी तुला उन्हात उभं करतील आणि वर चार शब्द ऐकवतील. मागच्या वेळी ऐकवले ना? म्हणून झेंडा वर असला तर साहेब आत, बिनधास्त ये. झेंडा खाली असला तर समज की भेट नाही. उगाच ताटकळू नकोस."

"झेंडा वर, साहेब आत," ती हसून म्हणाली. तिच्या टेबलावरून खांब सरळ दिसायचा.

त्या गुरुवारी सकाळी झेंडा वर होता. सासऱ्यांनीच चढवला होता. थोड्या वेळाने पहाऱ्याच्या खोलीतल्या टीव्हीवर बातमी आली. राजधानीतून आदेश निघाला होता, राज्यपालांना पदावरून दूर केलं होतं आणि नवे राज्यपाल दुसऱ्या दिवशी सकाळी शपथ घेणार होते. बाईसाहेबांची मुदत अजून बरीच उरली होती, पण वरच्यांची मर्जी फिरली होती.

पहारेकरी टीव्हीला चिकटले. सासरे उठून जिन्याकडे निघाले.

"कुठे निघालात काका?"

"पद गेलं म्हणजे झेंडा गेला. झेंडा काय बंगल्यासाठी असतो? पदावरच्या माणसासाठी असतो."

"सचिवांना एकदा विचारून घ्या की," पहारेकरी म्हणाला. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याचाही चेहरा उतरला होता.

"तुझ्या वयापेक्षा माझी दोरी जुनी आहे," सासरे म्हणाले. गेले आणि झेंडा उतरवला.

कुणालाही न विचारता. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्या वेळा ऐकलं की ते ऐकू आलं की मला उठून जावंसं वाटायचं. त्यांचं वागणं वाईट हेतूचं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण नियम आपल्यालाच ठाऊक आहे आणि बातमी कळताच आपणच पहिले हललो, या तोऱ्यात ते जिना चढले, हेही तितकंच खरं आहे. माझ्या सासऱ्यांना मी ओळखते.

ऑफिसात त्या सकाळी फोनवर फोन चालले होते, त्यामुळे गच्चीकडे बराच वेळ कुणाचं लक्ष गेलं नाही. मग सचिव काही कामाने अंगणात आले, त्यांची नजर वर गेली, आणि त्यांचा आवाज म्हणे मागच्या फाटकापर्यंत ऐकू आला.

"झेंडा कुणी उतरवला?"

"मी, साहेब. आदेश आला ना..."

"आदेश आला म्हणून काय झालं? नवे साहेब शपथ घेऊन खुर्चीत बसेपर्यंत बाईसाहेबच राज्यपाल आहेत! राज्याला एक मिनिटही राज्यपाल नाही असं होत नसतं. एवढी वर्षं इथे काढलीत, आणि हे माहीत नाही? चढवा वर!"

सासरे धावत जिना चढले. दोरी ओढताना झेंडा अर्ध्यावर गेला आणि त्यांना इस्त्रीवाली आठवली. खाली बघितलं तर रस्त्यापलीकडचं टेबल मोकळं होतं.

मग ते गणवेशातच रस्ता ओलांडून पळाले. पहारेकरी म्हणतो की काकांना पळताना त्याने तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. खोलीला कुलूप होतं. निखारे पाणी टाकून विझवलेले, त्यांचा ओला वास येत होता. सासऱ्यांनी इस्त्रीला हात लावला तर ती अजून गरम होती. म्हणजे ती नुकतीच निघाली होती. त्यांनी तिला फोन लावला. तो खोलीच्या आतच, फळीवर वाजला. गुरुवार हा तुरुंगात भेटीचा दिवस होता, आणि तुरुंगाच्या दारात फोन काढून घेतात, म्हणून ती तिकडे जाताना फोन नेतच नसे. तुरुंग बसने लांब होता. ती संध्याकाळपर्यंत येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या राज्यपालांनी शपथ घेतली. बाईसाहेब पाठीमागच्या फाटकातून साध्या गाडीने गेल्या. भावाचा कागद सहीशिवाय राहिला, आणि मग नव्या राज्यपालांच्या ऑफिसाने तो सगळ्या जुन्या कागदांसोबत सरकारकडे परत पाठवला, पुन्हा पहिल्यापासून तपासायला.

त्या गुरुवारी रात्री सासरे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, पोट बरं नाही. दुसऱ्या रात्रीही पोट बरं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी ताट समोर आपटलं आणि म्हटलं, "काय केलंत ते सांगा, नाहीतर मी तिकडे जाऊन विचारते." तेव्हा त्यांनी झेंड्याचं सांगितलं. पहारेकऱ्याने सांगितलेलं आणि सचिव ओरडले ते, सगळं.

"मग बाईसाहेबांनी सही का नाही केली? त्या दिवशी तर होत्या ना?" मी विचारलं.

"निघायची गडबड होती," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले. हात आधीच धुतलेले होते.

मी त्यांना तेव्हाच सांगितलं की जाऊन तिला खरं सांगा. ते म्हणाले, "सांगतो. आधी तिचा कागद मार्गी लागू दे. काम झाल्यावर सांगितलं तर तिला तेवढं लागणार नाही." मला ते पटलं नाही. पण मी काही बोलले नाही, कारण त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं ते मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हतं.

जो माणूस आयुष्यात कुणाच्या टेबलासमोर वाकून उभा राहिला नव्हता, तो रोज दुपारी ऑफिसात जाऊन कारकुनाला विचारू लागला की त्या कागदाचं काय झालं. कारकून वैतागला. सचिव एकदा म्हणाले, "काका, हा तुमचा कोण लागतो?" रजा टाकून ते मंत्रालयात गेले, तिथे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बसत राहिले आणि कागद कुठल्या खोलीत पोहोचला हे शोधून आले. कप्पीला तेल घालायचं विसरू लागले. झेंडा वर जाताना किरकिर करायचा, आणि त्यांना ती ऐकूही जात नसे.

इस्त्रीवालीला एवढंच दिसत होतं की काका तिच्या भावासाठी झिजत आहेत. ती गल्लीभर सांगत सुटली. "काका देवमाणूस आहेत हो," ती मलाही म्हणाली. "सख्ख्या मामाने केलं नाही एवढं करतात." घरी येऊन मी हे सासऱ्यांना सांगितलं. मी चांगलं म्हणूनच सांगितलं, पण त्यांचं तोंड असं झालं की पुन्हा कधी मी तिचा एकही शब्द घरी आणला नाही.

ती दर वेळी खिन्नपणे म्हणायची, "काय करणार, बाईसाहेबांची खुर्चीच गेली. माझं नशीब असं." आणि सासरे तिच्यासमोर उभे राहून मान हलवायचे. मी पाहिलंय त्यांना मान हलवताना. मला राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी भांडी जोरात घासायचे.

हिवाळा आला. तुरुंगातल्या भावाला ताप आला, मग तुरुंगाच्या इस्पितळात नेलं, मग परत आणलं, मग परत नेलं. प्रत्येक बातमी ती काकांना सांगायची, कारण आता काकाच तिचे होते. सासरे घरी येऊन गोधडी न पांघरता पडून राहायचे. मी ओरडले तर म्हणायचे, "एवढी काही थंडी नाही." दात वाजत होते.

हिवाळा सरला आणि मग कुठे नव्या साहेबांची सही झाली. भाऊ सुटला.

तो आला त्या दिवशी मी लांबूनच पाहिला. माझ्या वयाचा माणूस, पण टेबलापर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं. डॉक्टर म्हणाले म्हणे की एका बाजूचं फुप्फुस कामातून गेलं, आणि थंडीच्या आधी बाहेर आला असता तर कदाचित वाचलं असतं. तिने त्याची खाट टेबलाजवळ टाकली, म्हणजे तिला काम करता करता बघता येईल. इस्त्री उचलायची त्याच्यात ताकद नव्हती, म्हणून तो बसल्या बसल्या कपड्यांवर पाणी शिंपडायचा.

"आता काम झालं," मी सासऱ्यांना म्हटलं. "आता सांगा."

ते चार-पाच दिवस टाळत राहिले. मग मीच धुतलेले झेंडे पिशवीत भरले आणि म्हटलं, "चला, मी येते." ते निमूट चप्पल घालून निघाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा भावाने खाटेवरून उठायचा प्रयत्न केला. "काका!" तो म्हणाला. "ताई येईल तेव्हा तुमचंच सांगायची. मी म्हटलं, बाहेर पडलो की पहिल्यांदा तुमच्या पाया पडणार." आणि तो खरंच वाकायला लागला.

सासरे मागे सरकले. "नको," ते म्हणाले. "आधी ऐक."

आणि तिथे, उभ्या उभ्या, त्यांनी झेंड्याचं सांगितलं. बातमी आली, मी कुणाला विचारलं नाही, मी उतरवला, तो उतरवायचा नव्हता, बाईसाहेब त्या दिवशीही राज्यपालच होत्या. तुला मीच सांगितलं होतं झेंडा बघ म्हणून. मग पळत आलो, तू नव्हतीस.

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, "मी बसमधून पाहिला होता, काका."

"काय पाहिला?"

"झेंडा परत चढताना. बस उशिरा आली, ती समोरून वळते ना, तेव्हा खिडकीतून दिसला. उठले होते मी उतरायला. मग वाटलं, स्टॉपवर लोक बोलत होते ते नवे साहेब आले असतील, त्यांच्यासाठी चढवला. ते मला कशाला भेटतील? परत बसले." तिने भावाकडे बघितलं. "झेंड्यावर थोडंच लिहिलेलं असतं कोणासाठी आहे ते? आख्खा हिवाळा मला वाटत होतं की मी उतरले असते तर... याला मी कधी बोलले नाही."

"वेडी आहेस," भाऊ म्हणाला. तो हसला आणि खोकला. "आणि काका, तुम्हीही. एवढंच ना? माणसाकडून होतं चुकून. मी एकाला नुसतं ढकललं होतं, काय झालं बघा. तुम्ही तर नंतर किती धावलात."

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगते, मी पिशवी उचलली सुद्धा. वाटलं, सुटले बिचारे. पण सासरे जागचे हलले नाहीत.

"एवढंच नाही," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे मलाही ठाऊक नव्हतं.

"त्या दुपारी बाईसाहेबांनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, तुमची ती इस्त्रीवाली आली नाही का? मी कागद काढून ठेवलाय. दाखला बघितला की सही करते, जायच्या आधी एक चांगलं काम होऊ दे. मी म्हटलं, नाही आली. त्यांनी विचारलं, काही अडचण झाली असेल का तिला? गाडी पाठवू का कुठे?" सासरे थांबले. "मी म्हटलं, माहीत नाही, बाईसाहेब."

भाऊ खाटेवर टेकला.

"सचिव तिथेच उभे होते. सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर माझी अब्रू काढली होती. पुन्हा तेच बाईसाहेबांसमोर निघालं असतं, झेंडा कोणी उतरवला आणि ती का गेली. माझ्याच्याने नाही बोलवलं. तेवढंच होतं. दुसरं काही कारण नव्हतं."

भाऊ आता हसत नव्हता. "पण ताई तर त्याच संध्याकाळी परत आली होती," तो हळूच म्हणाला. "बाईसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या ना? मग रात्रभर होत्या."

"होत्या."

"ताईने आल्यावर दिवा लावला असेल."

"लावला," सासरे म्हणाले. "मी गच्चीवर होतो. दिसला मला."

"मग?"

"मी खाली उतरलो. पहाऱ्याच्या खोलीत जाऊन बसलो. स्वतःला म्हटलं, आता त्या सामान बांधत असतील, दमल्या असतील, आता कशाला."

सासरे रडायला लागले. मी त्यांना लग्नानंतर कधी रडताना पाहिलं नव्हतं, अगदी सासूबाई गेल्या तेव्हाही नाही. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. आज वाटतं, ठेवायला हवा होता. त्या क्षणी मला फक्त तो दोनदा थांबत चाललेला माणूस दिसत होता, आणि रस्त्यापलीकडचा, जेमतेम पन्नास पावलांवरचा दिवा.

भाऊ खाटेवर आडवा झाला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

इस्त्रीवालीने पदराने डोळे पुसले. माझ्या हातातून पिशवी घेतली, निळा झेंडा टेबलावर पसरला, आणि इस्त्री फिरवू लागली. आम्ही दोघं उभे होतो. जा म्हणावं किंवा बसा म्हणावं असं तिला वाटलं नाही. तिने कड सरळ केली, नेहमीसारखीच घडी घातली, एक झटका दिला की उलगडेल अशी, आणि दोन्ही हातांनी ती सासऱ्यांपुढे धरली.

"झाला, साहेब," ती म्हणाली.

सासऱ्यांनी झेंडा घेतला. आम्ही रस्ता ओलांडून परत आलो.

ती अजूनही त्यांचे झेंडे करते. काम तसंच चोख, घडी तशीच. उशीर करत नाही, तोंड वाकडं करत नाही, कुणाकडे त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. भावाला बरं वाटतं त्या दिवशी तो झेंड्यावर पाणी शिंपडून देतो. सासऱ्यांनी कप्पीला पुन्हा तेल घातलं, आणि झेंडा आता किरकिरत नाही. राज्यपाल बदलले, आणखी एकदा बदलतील. ते पेपरातला फोटो बघून काही बोलत नाहीत.

फक्त झेंडे आणायला ते स्वतः जातात, मला जाऊ देत नाहीत. मी एकदा विचारलं, "मी आणते की, तुम्हाला त्रास कशाला?" तर म्हणाले, "नको. तिला मला साहेब म्हणू दे."